मधुचंद्राचं बेट आणि वैशाखातला मुहूर्त

लग्नघरातल्या यादीत काय काय असतं हे मी तुम्हांला सांगायला नको. केळवणांच्या तारखा, मानपानाच्या साड्या, रुखवत, हॉलवाल्याची बाकी, भटजींची सामानाची यादी! सगळं कसं वहीत टिपलेलं असतं. पण जिच्यासाठी आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्या दोघांनी लग्नानंतर चार दिवस कुठं जायचं, ही गोष्ट मात्र आपल्याकडे अजूनही कुजबुजत ठरते. थोरल्यांसमोर विषय काढायचा नाही, धाकट्यांनी हसायचं, आणि शेवटी कुणीतरी ओळखीचा एजंट जे कागद पुढं करील त्यावर सही करायची. मला हे काही पटत नाही. पाचशे माणसांच्या पंगतीचा मेनू आपण तीन-तीनदा बदलतो, मग ह्याचाच विचार तेवढा का नको?

आमच्या धाकट्या भावजींचं लग्न २०२५ च्या मे महिन्यात झालं. भावजी मस्कतला नोकरी करतात. मुलगी कऱ्हाडची, आमच्याच गावातल्या एका लॅबमध्ये रक्ततपासणीचं काम करणारी. रजा मिळाली एप्रिलच्या शेवटापासून २८ मेपर्यंत. लग्नानंतर तिला लगेच मस्कतला नेता येणार नव्हतं. तिथं कुटुंबासाठी जागा मिळायची होती, कागदपत्रं व्हायची होती. म्हणजे दिवाळीपर्यंत ती इथं साताऱ्यात आमच्याबरोबर आणि ते तिकडं. ठरवून झालेलं लग्न, दोघांची ओळख सारी फोनवरची. तेव्हा ह्या मधल्या दिवसांची किंमत काय, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

आणि दिवस तरी किती हातात? लग्न पहिल्या आठवड्यात. मग सत्यनारायण, मग तिची माहेरची फेरी, मग तुळजापूर, आल्यावर गोंधळ. सासूबाईंनी बोटांवर मोजून दाखवलं आणि म्हणाल्या, "तेरा-चौदा तारखेपर्यंत काही तुम्ही मोकळे होत नाही. एवढी घाई कशाला करता? दिवाळीनंतर जा की. तेव्हा हवाही छान असते."

गंमत अशी, की हवेच्या बाबतीत सासूबाईंचं अगदी बरोबर होतं. भावजींच्या मनात बेट होतं. निळं पाणी, पांढरी वाळू, नारळीची झाडं, हल्लीच्या सगळ्याच मुलांच्या मनात असतं तसं. आमच्या वेळी महाबळेश्वर-माथेरान, फार तर गोवा. आता बेटाशिवाय बात नाही. मी शाळेत अर्धवेळ भूगोल शिकवते, आठवीच्या मुलींना मोसमी वारे समजावते, त्यामुळं मला विचारलं गेलं. आणि खरं सांगायचं तर आपल्या जवळपासच्या बेटांना जानेवारी-फेब्रुवारीसारखा दुसरा काळ नाही. आकाश स्वच्छ, समुद्र शांत, उकाडा बेताचा.

तरीही मी सासूबाईंच्या बाजूनं बोलले नाही. का, ते सांगते. माझं लग्न २०१३ चं. आम्ही केरळला जाणार होतो, तिकिटंही काढून झाली होती. लग्नानंतर आठव्या दिवशी मामंजींच्या छातीत दुखायला लागलं आणि बायपासची वेळ आली. तिकिटं रद्द झाली, ती व्हायलाच हवी होती, त्याबद्दल माझ्या मनात तेव्हाही किंतु नव्हता. सगळे म्हणाले, "दिवाळीनंतर जा." दिवाळीनंतर मला दिवस गेले होते. मग मुलगा, मग मुलगी, मग घराचे हप्ते. आमचं काही वाईट चाललेलं नाही, पण दोघांनीच, कुणाचीही हाक न येता, घालवलेले सात दिवस आमच्या संसारात नाहीत. पुढे ढकललेली सहल पुढे जातच राहते, हे मला घरात बसून कळलेलं आहे. म्हणून मी म्हटलं, "जायचं तर मेमध्येच. बेट कुठलं, ते आपण शोधू." सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनाही केरळची तिकिटं आठवली असावीत.

मग शाळेतला नकाशा घरी आणला आणि जेवणाच्या टेबलावर पसरला.

भावजींची पहिली पसंती अंदमान, आणि तिचीही. तिला सेल्युलर जेल पाहायचा होता, सावरकरांची कोठडी पाहायची होती. अंदमानाबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ह्या बेटांना दोन्ही पावसाळे मिळतात. नैऋत्य मोसमी वारे आपल्याकडे जूनमध्ये येतात, पण अंदमानात ते मेच्या तिसऱ्या आठवड्यातच पोचतात. ते परतले की ईशान्येकडून पुन्हा पाऊस, तो डिसेंबरपर्यंत रेंगाळतो. शिवाय मे महिना आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हे बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचे दिवस. कोरडा काळ काय तो जानेवारी ते एप्रिल.

"पाऊस पडला तर पडला, आम्ही काय शेतावर चाललोय?" भावजी म्हणाले. नव्या जोडप्याला पावसाचं एवढं दुःख नसतं हे मलाही कळतं हो! पण प्रश्न पावसाचा नव्हता, बोटीचा होता. विमान उतरतं ते पोर्ट ब्लेअरला, म्हणजे २०२४ पासून ज्याचं नाव श्रीविजयपुरम् झालं आहे तिथं. फोटोतलं ते राधानगरचं पांढऱ्या वाळूचं किनार मात्र हॅवलॉक बेटावर, ज्याला २०१८ पासून स्वराज द्वीप म्हणतात. तिथं जायचं ते बोटीनंच, वेगवान बोटीलाही दीडेक तास आणि सरकारी बोटीला अडीचच्या आसपास. समुद्र खवळला की ह्या फेऱ्या रद्द होतात. बेटावर अडकलं, इकडचं विमान चुकलं, तर चेन्नई किंवा कोलकाता करून मुंबईला यायला आणि तिथून २८ ला मस्कतला हजर व्हायला वेळ उरणार कुठून? नोकरी परदेशातली, तिथं "बोट बंद होती" ही सबब कोण ऐकून घेणार? आमच्या ह्यांनी कागदावर तारखा मांडून दाखवल्या तेव्हा भावजी गप्प झाले.

लक्षद्वीपची तीच कथा. ३६ बेटं, वस्ती त्यांतल्या दहांवर, सगळं मिळून क्षेत्रफळ अवघं ३२ चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्या एखाद्या गावाच्या शिवाराएवढं! तिथं जायला आधी परवाना काढावा लागतो. कोचीहून अगत्तीला लहान विमान जातं किंवा बोटीनं चौदा ते अठरा तास. मेच्या मध्यानंतर समुद्राचा भरवसा नाही. परवान्याच्या मागं लागायला वेळही नव्हता. मालदीवमध्ये मेपासून पावसाळी वारे सुरू होतात, म्हणून हॉटेलांचे दर उतरतात. एजंटानं ते उतरलेले दर आम्हांला मोठ्या कौतुकानं दाखवले, कशामुळं उतरले ते मात्र सांगितलं नाही. पाण्यावरच्या खोल्यांचे फोटो पाहून धाकटी (मी तिला असंच म्हणते) म्हणाली, "वहिनी, आठ दिवस एका हॉटेलातच? मला गुदमरल्यासारखं होईल." तुम्ही जाणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा. मालदीवला पुष्कळ बेटांवर समुद्रविमानानं जावं लागतं आणि ती विमानं फक्त दिवसाउजेडी उडतात. आपलं विमान संध्याकाळी पोचत असेल तर पहिली रात्र मालेतच काढावी लागते, तिचा खर्च वेगळा.

आता विषुववृत्ताच्या खाली चला. तिथं सगळं उलटं. आपला मे म्हणजे मॉरिशसची थंडीची सुरुवात. तिथली वादळं नोव्हेंबर ते एप्रिलमधली, मेमध्ये हवा सुरेख. बालीतही एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा. मेमधलं लग्न आणि बेटाची हौस, दोन्ही सांभाळायचं तर हाच खरा सरळ मार्ग. मॉरिशसचं सासूबाईंनाही अप्रूप वाटलं, कारण तिथं मराठी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात आणि गणेशचतुर्थीला चक्क सरकारी सुट्टी असते, असं मी सांगितलं. पण मुंबईहून सहा-सात तासांचा विमानप्रवास, त्याची दोन तिकिटं, आणि दोघांनी मिळून बाजूला ठेवलेले दीड लाख. त्यांतले साठ हजार तिच्या स्वतःच्या पगारातले होते. तिच्या वडिलांनी "जावयाला आमच्याकडून" म्हणून वरचे पैसे देऊ केले. भावजींनी ते घेतले नाहीत आणि मला ते फार आवडलं. तेव्हा मॉरिशस मिटलं.

नकाशावर सगळ्यांत जवळ जे होतं त्याकडे आमचं लक्ष सगळ्यांत शेवटी गेलं. श्रीलंका! एजंट म्हणाला, "मेमध्ये श्रीलंका नको, पाऊस असतो." अर्धं खरं होतं ते. मेच्या उत्तरार्धात नैऋत्य मोसमी वारे कोलंबो, बेंटोटा, गॉल ह्या बाजूला धो धो बरसतात. पण बेटाच्या मधोमध डोंगर आहेत. वारे तिथं अडतात, आणि पलीकडचा पूर्व किनारा कोरडा राहतो. आपल्याकडे महाबळेश्वरला इंचांनी पाऊस आणि पलीकडं माण-खटावात टँकर, तसलाच प्रकार. पूर्वेला पाऊस येतो तो ऑक्टोबरनंतर ईशान्येच्या वाऱ्यांबरोबर. म्हणजे एकाच बेटाला दोन हंगाम. डिसेंबर ते मार्च पश्चिमेला जावं, मे ते सप्टेंबर पूर्वेला. माझ्या आठवीच्या मुली हे पर्जन्यछायेचं उत्तर चार मार्कांसाठी लिहितात. आमच्या घरी त्याच उत्तरावर मधुचंद्र ठरला.

ठरलं ते असं. मुंबई ते कोलंबो अडीच तासांचं विमान. तिथून गाडीनं पूर्वेला त्रिंकोमली. वाटेत दंबुल्लाची लेणी आणि सिगिरियाचा तो पाचव्या शतकातला प्रचंड खडक, त्यामुळं सहा-सात तासांची वाट दोन दिवसांत विभागता येते. त्रिंकोमलीच्या उत्तरेला निलावेलीचं लांबलचक किनार, समोर पिजन आयलंड नावाचं चिमुकलं बेट, तिथं उथळ पाण्यात प्रवाळ आणि रंगीत मासे. आणि गावाच्या टोकाशी समुद्रात घुसलेल्या कड्यावर कोणेश्वराचं मंदिर. मूळचं मंदिर सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी पाडलं, पुढं त्याच जागी पुन्हा उभं राहिलं. शंकराचं देऊळ आहे म्हटल्यावर सासूबाईंनी स्वतःच्या हातानं ओटीचं सामान काढून ठेवलं. तिकिटं पंधरा ते बावीस मेची काढली.

ह्या तारखांमागं आणखी एक हिशेब होता, तो बाकीच्यांना ठाऊक नाही. ब्लाउजाचं माप द्यायला म्हणून धाकटी एके दुपारी आली आणि बराच वेळ उगीच हातातल्या पिशवीशी चाळा करत बसली. मीच विचारलं, "तारीख आड येते का?" सोळा-सतरा मेला येणार असं तिला वाटत होतं, आणि मैत्रिणीनं दुकानातून गोळ्या आणून ठेवायला सांगितलं होतं. तिनं स्वतः रक्त तपासायचं काम करूनही घरात हे कुणाला विचारायची तिला चोरी. मी तिला आमच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी नीट समजावलं, की ह्या गोळ्या सगळ्यांना चालत नाहीत, त्या तारखेच्या काही दिवस आधीपासून घ्याव्या लागतात, आणि मुख्य म्हणजे पाळी पुढं ढकलणारी गोळी ही मूल न होऊ देणारी गोळी नव्हे. कितीतरी मुली ह्या दोहोंत घोटाळा करतात, असं त्या म्हणाल्या. भावजी परत जाणार, ती एकटी राहणार, तेव्हा तो विचार दोघांनी आधीच करायला हवा होता. डॉक्टरीणबाईंनी फोनवर भावजींशीही बोलणं केलं. मला वाटतं, त्या दोघांमधलं पहिलं खरंखुरं बोलणं त्या दिवशी झालं असेल. गोळ्या मार्चपासूनच बाईंच्या देखरेखीखाली, त्यांनी लिहून दिल्या त्या सुरू झाल्या, आणि ओटी-पूजा-प्रवास सगळंच निर्वेध पार पडलं. तुमच्या घरात लग्नाची मुलगी असेल तर एवढं विचारा तिला. लाजून गप्प बसण्यातली ही गोष्ट नव्हे.

दुसरी बाब पासपोर्टची. लग्न झालं की आपण नाव बदलायच्या मागं लागतो. परदेशी जायचं असेल तर थांबा. तिकीट ज्या नावाचं, पासपोर्ट त्याच नावाचा लागतो. धाकटीचं तिकीट तिच्या माहेरच्या नावानं काढलं. "नवी सून आणि कागदावर जुनं आडनाव?" असं एका आत्याबाईंनी विचारलंच. पासपोर्टची मुदत परतल्यानंतरही निदान सहा महिने असावी, आणि श्रीलंकेत प्रवेशाची परवानगी आधी काढून ठेवावी.

सामानाचं म्हणाल तर मी तिच्या बॅगेतून निम्मं बाहेर काढलं. हिरवा चुडा काचेचा. खडकावर आपटला तर मनगट कापायचं. दोन-दोन ठेवून बाकीच्या सासूबाईंच्या संमतीनं उतरवल्या. मोठं मंगळसूत्र घरी, गळ्यात काळ्या मण्यांची साधी पोत. प्रवाळानं पाय फार वाईट कापतात, म्हणून पाण्यात घालायचे रबरी बूट. पूर्ण बाह्यांचा, चटकन वाळणारा सुती नसलेला पोहण्याचा पोशाख मिळतो, तो तिला फार सोयीचा वाटला. तिला पोहता येत नाही; समुद्र तिनं शाळेच्या सहलीत गणपतीपुळ्याला पाहिला तेवढाच. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकायचं नाही, असं मी भावजींकडून कबूल करून घेतलं.

आणि मग सात मे उजाडला. पाकिस्तानातल्या तळांवर आपण हल्ले केल्याच्या बातम्या, उत्तरेकडचे विमानतळ बंद, टीव्ही दिवसभर चालू. लग्न होऊन दोन दिवस झाले होते. सासूबाई देवापुढून उठेनात. "जाऊ नका," एवढंच त्या म्हणत होत्या. मी ह्या वेळी काही बोलले नाही. काय बोलणार? बारा वर्षांपूर्वीचं सगळं डोळ्यांपुढं येत होतं. दहा तारखेला संध्याकाळी लढाई थांबल्याचं जाहीर झालं. मुंबईचा विमानतळ चालूच होता. अकराला सकाळी सासूबाईंनी स्वतः विचारलं, "तिथं जेवायला काय मिळतं गं?" तेव्हा मी समजले.

ती दोघं गेली. जेवणाची आबाळ मुळीच झाली नाही. तांदळाच्या शेवया, अप्पम, ओल्या नारळाची झणझणीत चटणी, आणि मासे तर काय, विचारूच नका. वैशाखी पौर्णिमा नुकतीच होऊन गेलेली, बौद्धांचा मोठा सण, त्यामुळं रस्तोरस्ती कागदी कंदील अजून लटकत होते. उकाडा मात्र सडकून. अकरा ते चार खोलीतून बाहेर पडवत नाही, पाण्यात जायचं ते सकाळी लवकर, असं ती सांगते. पिजन आयलंडला तिनं तोंड पाण्यात घालून मासे पाहिले आणि पहिल्यांदा घाबरून नवऱ्याचा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली. पूर्व किनाऱ्यावर आठ दिवसांत एक सर पडली, तीही रात्री. परतताना कोलंबोत मात्र विमानतळापर्यंत गाडीचे वायपर थांबले नाहीत.

इकडे २०२५ च्या त्या मेनं काय केलं ते तुम्हांला आठवतच असेल. मोसमी पाऊस १३ मेलाच अंदमानच्या समुद्रात दाखल, २४ ला केरळात, आणि २६ ला थेट मुंबईत. आमच्या गच्चीवरच्या कुरडया दोनदा भिजल्या आणि तिसऱ्यांदा सासूबाईंनी नाद सोडला. भर पावसात २७ तारखेला भावजी मस्कतला गेले. धाकटी विमानतळावर रडली नाही. घरी आल्यावर तिनं बॅग उघडली, तळाशी वाळू होती, ती तिनं झटकली नाही.

जून ते ऑक्टोबर ती आमच्याकडे राहिली. आषाढात माहेरी जाऊन आली, श्रावणात मंगळागौर झाली. रात्री फोनवर दोघांचं बोलणं चाले, आणि आता त्यात "त्या दिवशी बोटीत तो म्हातारा काय म्हणाला" असलं काही तरी असे, ज्याचा अर्थ आम्हांला कुणालाच कळत नसे. दिवाळीनंतर ती मस्कतला गेली.

अंदमान राहिलंच आहे. पुढच्या रजेत जानेवारीत यायचं, असं त्यांचं चाललं आहे, आणि ह्या खेपेला आम्ही दोघांनीही बरोबर यावं असा धाकटीचा हट्ट आहे. मी मुलांच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षांच्या मधली तारीख शोधते आहे. ह्यांनी बोटींची वेळापत्रकं काढून ठेवली आहेत. मुलांना सांभाळायचा प्रश्न सासूबाईंकडे नेला, तर त्या म्हणाल्या, "मुलांचं बघू. पण ती कोठडी मलाही पाहायची आहे."